पावसाचे मूळ नवतप्यात नाही

मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस नवतप्याचे मानले जातात. या दिवसांत तेल्हाऱ्याच्या बाजारात, कृषी केंद्राच्या ओट्यावर, अकोटकडे निघालेल्या एसटीत एक निष्कर्ष निर्धास्तपणे सांगितला जातो: नवतपा तापला, म्हणजे यंदा पाऊस चांगला. नवतप्यात आभाळ भरून आले, चार शिंतोडे पडले, की तोच निष्कर्ष उलटा होऊन येतो: नवतपा भिजला, आता पावसाचे काही खरे नाही. सांगणारे अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, पदवीधर असतात, पन्नास पावसाळे पाहिलेले शेतकरी असतात. शिवाय या समजाच्या पाठीशी शाळेत शिकलेली एक आकृतीही उभी असते.

हा समज चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. पुरावा मांडतो, निवाडा वाचकांनी करावा.

हा वाद केवळ ज्ञानाचा असता तर एवढी शाई खर्च केली नसती. परंतु तेल्हारा तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खोदून ओलीत करावे अशी सोय नाही. सातपुड्याच्या पायथ्याची गावे आणि वान प्रकल्पाच्या पाण्यावरची शेते सोडली, तर कपाशी, सोयाबीन, तूर हे सगळे आभाळावर अवलंबून. अशा मुलखात पावसाविषयीचा चुकीचा समज बियाण्याच्या पिशवीपर्यंत जाऊन पोचतो. मे तापला म्हणून निर्धास्त झालेला माणूस जूनच्या पहिल्या सरीवर पेरतो, आणि पुढे पंधरा दिवस उघाड पडली की दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच कपाळी येतो.

आधी पूर्वपक्ष मांडतो. तो मुद्दाम दुबळा करून मांडायचा आणि मग पाडायचा, यात कसला पुरुषार्थ?

पूर्वपक्ष असा. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. उन्हाळ्यात भारताची भूमी भाजून निघते, तिच्यावरची हवा प्रसरण पावून वर जाते आणि वायव्येकडे, राजस्थान-सिंधच्या वाळवंटावर, कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. समुद्रावर त्या मानाने दाब जास्त. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, म्हणून समुद्रावरचे वाफेने भरलेले वारे जमिनीकडे ओढले जातात आणि पाऊस पडतो. मग जमीन जितकी अधिक तापेल तितकी ओढ अधिक आणि पाऊसही अधिक. हा विचार गावगप्पांतून जन्मलेला नाही. धूमकेतूमुळे ज्याचे नाव घरोघरी पोचले त्या एडमंड हॅले याने १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मान्सून यांच्यावर निबंध लिहिला, वाऱ्यांचा नकाशा काढला आणि सूर्याच्या उष्णतेतून त्यांचा उगम सांगितला. सव्वातीनशेहून अधिक वर्षे हे स्पष्टीकरण टिकून आहे. त्यातली विधाने सुटी सुटी घेतली तर खरीही आहेत. जमीन लवकर तापते, हे खरे. वायव्येला कमी दाब असतो, हेही खरे. वारे नैर्ऋत्येकडून येतात, हे तर निर्विवाद.

मग चूक कुठे आहे? या खऱ्या विधानांतून जो निष्कर्ष काढला जातो, त्यात ती आहे.

पहिला साक्षीदार पंचांगच घ्या. अकोला जिल्हा सर्वांत अधिक केव्हा तापतो? मे महिन्यात. पारा ४५ अंशांच्या पुढे जाण्याचे दिवस तेच. पाऊस सर्वांत जास्त केव्हा पडतो? जुलै-ऑगस्टमध्ये. तोवर अकोल्याचे दिवसाचे तापमान मेपेक्षा आठ-दहा अंशांनी उतरलेले असते. जमिनीची उष्णता हीच जर पाऊस ओढणारी शक्ती असेल, तर शक्ती शिगेला असताना आभाळ कोरडे का? आणि ती शक्ती ओसरल्यावरही पाऊस का टिकतो? पहिल्याच पावसाने जमीन थंड होते. या सिद्धान्ताप्रमाणे मग तो पाऊस तिथेच थांबायला हवा होता. तो थांबत नाही.

दुसरा साक्षीदार भूगोल. उष्णतेने पाऊस ओढला असता तर सर्वांत तापलेल्या ठिकाणी तो सर्वांत जास्त पडायला हवा. उपखंडातली सर्वांत तापणारी जागा कोणती? थरचे वाळवंट आणि सिंध. सिंधमधल्या जेकबाबादला पारा ५० अंशांपलीकडे गेलेला आहे. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्याकडे एका जुलैत पडून जातो. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेल्हारा-अकोल्याचा सातशे ते आठशे. ज्या कमी दाबाला आपण पावसाचा ओढणारा म्हणतो, त्याच्या ऐन पोटात राहणारे लोक पाण्यासाठी कोसकोस चालत आले आहेत. याचे कारण हवामानशास्त्राला ठाऊक आहे. उन्हाने तयार झालेला तो कमी दाब उथळ असतो. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर वर गेले की त्याचा जोर संपतो. त्याच्या वर कोरडी हवा खाली उतरत असते. उतरणारी हवा ढगाला वाढू देत नाही. खालून वर जाणारी हवा त्या झाकणाला आपटते आणि तिथेच अडते.

तिसरा साक्षीदार वर्षांचा. २०१५ च्या मे अखेरीस उष्णतेच्या लाटेने आंध्र आणि तेलंगणासह देशभरात मिळून दोन हजारांवर माणसे दगावली. त्या वर्षीचा देशाचा मान्सून सरासरीच्या ८६ टक्के. २००२ च्या मेमध्येही आंध्रात लाटेने हजारावर बळी घेतले. पाऊस ८१ टक्के, आणि त्या जुलैचा कोरडेपणा आजही अभ्यासाचा विषय आहे. उलट २०२१ पाहा. १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ गुजरातेत धडकले आणि २६ मे रोजी, म्हणजे ऐन नवतप्यात, यास ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. त्या वर्षीचा पाऊस ९९ टक्के. माझ्या बाजूची तेवढी वर्षे निवडून मी खटला जिंकू इच्छित नाही, म्हणून प्रतिपक्षाला उपयोगी पडणारी वर्षेही सांगतो. २००३ मध्ये आंध्र पुन्हा भाजून निघाला आणि पाऊस मात्र १०२ टक्के झाला. २०२४ चा उन्हाळा उत्तर भारतात भीषण होता आणि पाऊस १०८ टक्के. म्हणजे तापलेल्या उन्हाळ्यानंतर दुष्काळही येतो आणि सुकाळही. जी खूण दोन्हीकडे सारखीच बोट दाखवते, तिला खूण म्हणायचे कशाला?

यावर मला दरवेळी एक उत्तर मिळते: आमच्या आजोबांचा अनुभव खोटा का? अनुभव खोटा नाही, त्याचा अर्थ चुकला आहे. वऱ्हाडात बहुतेक मे महिने तापतातच. आणि बहुतेक वर्षी पाऊस सरासरीच्या जवळपास होतोच. बहुतेक वेळा घडणाऱ्या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकत्रच दिसणार. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी दिसणार. दहा वर्षांतली सात वर्षे आजोबांचे भाकीत खरे ठरले असेल, तर तेवढेच श्रेय ‘यंदा पाऊस बरा होईल’ असे डोळे मिटून दरवर्षी सांगणाऱ्यालाही द्यावे लागेल.

हे सगळे मी प्रथम सांगतो आहे असेही नाही. जॉर्ज सिम्पसन हे भारतीय हवामान खात्यात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९२१ मध्येच नैर्ऋत्य मान्सूनवरील आपल्या लेखात हे आक्षेप नोंदवले होते: मान्सूनच्या भरापेक्षा मे अधिक तापलेला असतो, सर्वांत तापलेल्या वायव्य भागात पाऊस नसतो आणि पाऊस कमी पडलेल्या वर्षी जमीन जास्त तापलेली आढळते. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हाच धागा पुढे नेला. १९८० मध्ये पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेतले डी. आर. सिक्का आणि गाडगीळ यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दाखवले की ढगांचा जो पट्टा विषुववृत्ताजवळच्या महासागरावर असतो, तोच पावसाळ्यात उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या भूमीवर येतो, आणि हंगामात पुन्हा पुन्हा येतो. मान्सून म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची अवाढव्य आवृत्ती, ही कल्पना गाडगीळ यांनी अखेरपर्यंत सप्रमाण नाकारली. पावसाअभावी जमीन तापते, हा कार्यकारणभाव आपण उलटा वाचला. आभाळ नसले की ऊन जास्त, माती कोरडी असली की बाष्पीभवनात उष्णता खर्च होत नाही, म्हणून पारा चढतो. तापलेला जून हे पाऊस जवळ आल्याचे लक्षण मानले जाते. पुष्कळदा ते पाऊस दूर असल्याचे लक्षण असते.

खंडन इथवर झाले. परंतु केवळ पाडणारा वादी अर्धाच असतो. उन्हाने नाही, तर मग वारे कोण पाठवते?

नकाशा उघडा आणि बोट विषुववृत्ताच्या खाली न्या. मादागास्करच्या पूर्वेला मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ही बेटे दिसतील. त्यांना मिळून मस्कारीन बेटे म्हणतात. त्यांच्याही दक्षिणेला, साधारण ३० अंश दक्षिण अक्षांशावर, हिंदी महासागराच्या पाण्यावर जास्त दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र असते. शास्त्रज्ञ त्याला मस्कारीन उच्च दाब म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या मध्याशी हवेचा दाब १०२४ हेक्टोपास्कलच्या घरात असतो, तर राजस्थान-सिंधवर ९९५ च्या आसपास. तेल्हारा २१ अंश उत्तरेला आहे. म्हणजे त्या क्षेत्राचा मध्य तेल्हाऱ्यापासून साडेपाच हजार किलोमीटरहून दूर आहे. खारे वारे किनाऱ्यापासून फार तर शंभर किलोमीटर आत येतात आणि रात्री दिशा बदलतात. साडेपाच हजार किलोमीटरवरून, गोलार्ध ओलांडून, तीन-चार महिने एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला खारा वारा कोणत्या हिशेबाने म्हणायचे?

हा उच्च दाब तयार कसा होतो, हे या विषयातले सर्वांत सुंदर प्रकरण आहे, आणि शाळेच्या आकृतीत त्याला जागा नाही. विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्यात ओली हवा वर चढते. वर गेल्यावर वाफेचे पाणी होते, त्या वेळी वाफेत दडलेली उष्णता मोकळी होते आणि हवा आणखी वर ढकलली जाते, बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत. तिथून पुढे वर जाता येत नाही, म्हणून ती ध्रुवांच्या दिशेने पसरते. पृथ्वी फिरत असल्याने ती सरळ ध्रुवापर्यंत पोचू शकत नाही. वळत वळत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा बनते, वाटेत आपली उष्णता अवकाशात गमावते आणि ३० अंशांच्या सुमारास खाली उतरू लागते. उतरताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. वाफ तर वर चढतानाच पाऊस होऊन गळून गेलेली. त्यामुळे उतरते ती कोरडी हवा, आणि तिच्याखाली आभाळ निरभ्र राहते. वरून हवेची भर पडत राहते, म्हणून समुद्रपातळीवर दाब वाढतो. जॉर्ज हॅडली याने १७३५ मध्ये या चक्राचा पहिला आराखडा मांडला, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. अटलांटिक आणि प्रशांत महासागरांवरही, दोन्ही गोलार्धांत, याच अक्षांशांवर असे उच्च दाब आहेत: उत्तर अटलांटिकमध्ये अझोर्स बेटांजवळ, दक्षिण प्रशांतमध्ये ईस्टर बेटाजवळ, उत्तर प्रशांतमध्ये कॅलिफोर्नियाच्या पश्चिमेला. त्यांच्या पूर्वेकडच्या कडेला थंड समुद्रप्रवाह आणि उतरती हवा एकत्र येतात, आणि अटाकामा, नामिब अशी वाळवंटे तयार होतात.

‘उच्च दाब म्हणजे निरभ्र आकाश, मग त्याचा पावसाशी काय संबंध?’ हा आक्षेप इथे हमखास येतो. आक्षेप निम्मा खरा आहे. उच्च दाबाच्या पोटाखाली आभाळ कोरडेच असते. परंतु त्याच्या कडेने वारे बाहेर पडतात आणि ते हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून वाहत असल्याने वाटेत वाफ गोळा करतात. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याला याच वाऱ्यांनी घनदाट अरण्य दिले. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज जुलैत जो गार आग्नेय वारा अंगावर घेतात, तो याच उच्च दाबाचा. तेल्हाऱ्याच्या आभाळाशी त्यांचे नाते असे आहे. कुणी ते नकाशावर जोडून पाहत नाही एवढेच.

पुढचा प्रवास पाहा. दक्षिण गोलार्धात उच्च दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून त्याच्या उत्तरेच्या कडेने ते आग्नेयेकडून वायव्येकडे, आफ्रिकेच्या दिशेने जातात. केनिया-इथिओपियाचे उंच पठार त्यांना आडवे येते. भिंत लागल्यासारखे ते पठाराला धरून उत्तरेकडे वळतात आणि विषुववृत्त ओलांडतात. ओलांडताच पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम उलटा होतो. आता ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावर येतात. जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये या वाऱ्यांचा गाभा शोधून काढला: जमिनीपासून फक्त एक-दीड किलोमीटर उंचीवर, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जाणारा, कधी ताशी नव्वद किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा झोत. पावसाची वाफ नेमकी कुठली, हा प्रश्नही भारतीय शास्त्रज्ञांनीच धसास लावला. १९७३ मध्ये साहा आणि बावडेकर यांनी वाफेचा ताळेबंद मांडला आणि अरबी समुद्रावरच्या बाष्पीभवनापेक्षा विषुववृत्त ओलांडून आलेली वाफ जास्त असल्याचे दाखवले. आपण ज्याला अरबी समुद्राचा पाऊस म्हणतो, त्याची निम्म्याहून अधिक वाफ दक्षिण गोलार्धाची. राजस्थानच्या वाळूला हे श्रेय कुठून द्यायचे?

यावर प्रतिपक्षाचा सर्वांत बुद्धिमान आक्षेप येतो, आणि त्याला मी मान देतो. तो म्हणतो: तुमचा उच्च दाब तर वर्षभर असतो. जी गोष्ट कायम आहे ती पावसाळ्याचे कारण कशी? उत्तर असे. तो वर्षभर असतो, पण सारखा नसतो. जून ते ऑगस्ट हा दक्षिण गोलार्धाचा हिवाळा. त्या काळात तो बलवान होतो आणि थोडा उत्तरेकडे सरकतो. कारण त्या महिन्यांत हवेचे चढते टोक आपल्या बाजूला, बंगालच्या उपसागरावर आणि भारतावर आलेले असते, आणि उतरते टोक दक्षिण हिंदी महासागरावर. विहिरीवरच्या रहाटाची एक बाजू वर येते तेव्हाच दुसरी खाली जाते. कोणती बाजू कोणाला ओढते हा प्रश्नच तिथे गैरलागू. आपल्याकडे कोसळणारा पाऊस वर जी हवा सोडतो, तिचाच काही भाग मस्कारीन क्षेत्रावर उतरून तिथला दाब वाढवतो, आणि तो वाढलेला दाब नवे वारे आपल्याकडे पाठवतो. हवामानशास्त्रज्ञ कृष्णमूर्ती आणि पुण्याचे भालमे यांनी १९७६ मध्ये मान्सूनचे घटक एकत्र तपासले: मान्सूनचा आस (म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांबट पट्टा), मस्कारीन उच्च दाब, सोमालियाचा झोत, तिबेटवरचा उंचावरचा उच्च दाब, ढगांचे आच्छादन. हे सगळे साधारण दोन आठवड्यांच्या तालात एकमेकांबरोबर चढताना-उतरताना आढळले. असा ताल जमिनीच्या तापण्यात कुठे आहे?

उष्णतेच्या सिद्धान्ताची एक सुधारलेली आवृत्ती आहे, तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक ठरेल. पाच ते बारा किलोमीटर उंचीवरच्या हवेत उत्तर-दक्षिण तापमानाचा फरक असतो आणि तो मान्सूनसाठी महत्त्वाचा आहे, असे ती सांगते. हे बरोबर आहे. पण त्या उंचीवरची उष्णता बहुतांशी पावसातूनच मोकळी झालेली असते. तेल्हाऱ्याच्या रस्त्यावरचे डांबर वितळवणाऱ्या उन्हाशी तिचा संबंध फार दूरचा. उलट, मेमधल्या आपल्या कडक दिवसांमागे पुष्कळदा अरबी समुद्रावर किंवा मध्य भारतावर ठाण मांडलेला प्रत्यावर्त, म्हणजे जास्त दाबाचा भोवरा, असतो. तिथे हवा उतरते, दाबली जाऊन तापते, वायव्येचे कोरडे वारे वऱ्हाडात येतात. ज्या तापण्याला आपण पावसाचा अग्रदूत समजून नमस्कार करतो, ते पावसाला अडवणाऱ्या हवेचेच काम असते.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. अलीकडे मोबाइलवर हवामानाचे रंगीत नकाशे पाहणारी एक पिढी तयार झाली आहे. तिची जिज्ञासा मला मनापासून आवडते. पण ती नवतपा सोडून मस्कारीनला देवपण देऊ लागली आहे: तिकडे दाब वाढला की आठ दिवसांत इकडे पाऊस पक्का. हेही टिकत नाही. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले, आणि त्यांनी पहिल्यांदा मान्सूनच्या अंदाजाचे गणित बसवले. त्यात हिमालयातला बर्फ, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस आणि मॉरिशसचा दाब हे घटक होते. या मॉरिशसच्या दाबाचे चिन्ह वॉकर यांच्या सूत्रात उणे होते! म्हणजे पावसाळ्यापूर्वी तिथला दाब जास्त असणे त्यांना प्रतिकूल दिसले. पावसाळ्यापूर्वीचा दाब आणि भर हंगामातला दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करून नकाशा वाचणे म्हणजे नवतप्याचीच नवी आवृत्ती. पुढे वॉकर यांनाच प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबांचा तो आलटून पालटून होणारा झोका सापडला, ज्याची दुसरी बाजू आज एल निनो म्हणून ओळखली जाते. तोही एकटा निर्णायक नाही. १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असताना भारताचा पाऊस १०२ टक्के झाला होता.

आणि मस्कारीनचे वारे जोरात आले तरी ते थेट तेल्हाऱ्यावर बरसत नाहीत. सह्याद्री त्यांच्याकडून जबर कर वसूल करतो. घाट उतरून वऱ्हाडात पोचणाऱ्या पश्चिम वाऱ्यांत फक्त भुरभुर टिकते. आपला भिजवणारा पाऊस पूर्वेकडून येतो. हेच वारे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरावर जातात, तिथे पुन्हा वाफ घेतात, कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ती मान्सूनच्या आसाला धरून ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकतात. एखादे क्षेत्र पूर्व विदर्भावरून पूर्णेच्या खोऱ्याकडे आले की सातपुड्याच्या पायथ्याचे नाले एका रात्रीत दुथडी भरतात आणि वानची पातळी वाढते. आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की खंड पडतो. २०२३ ने हे दोन्ही चेहरे दाखवले. २२ जुलैला शेजारच्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागात अतिवृष्टीने पूर आला. त्यानंतरचा ऑगस्ट देशाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, पाऊस ३६ टक्क्यांनी कमी. त्या वर्षीच्या नवतप्याने यांपैकी नेमके काय सांगितले होते? पूर, की कोरडा ऑगस्ट?

उन्हाच्या वाट्याला काहीच उरत नाही का? उरते. मे-जूनच्या दुपारी तापलेल्या जमिनीवर ओली हवा आली की ढग झपाट्याने वाढतात, गडगडाट होतो, तासभर पाऊस पडतो. हा वळीव, आणि तो खरोखरच उन्हाचे अपत्य आहे. उन्हाचा पाऊस एवढाच. पण याच वळवाला मान्सून समजून पेरणारे शेतकरी दरवर्षी फसतात, म्हणून हा भेद मी इतक्या आग्रहाने सांगतो. वळवाची ओल वितभर खोल जाते आणि दोन उन्हांत उडते.

वाचक हो, पुरावा तुमच्यापुढे आहे. नवतपा कितीही तापो, पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आणि वापसा आल्यावरच करा, आणि तोवर बियाणे पिशवीतच राहू द्या. तालुक्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे: मान्सूनचा धडा शिकवताना फळ्यावरचा नकाशा कन्याकुमारीला संपवू नका. तो ४० अंश दक्षिणेपर्यंत काढा. पावसाचा अर्धा मार्ग तिथे आहे.